गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्रा येते. आनेकल तालुक्यातील हे एकेकाळचे खेडे. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. औषधांचे कारखाने आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडवणारी लहानमोठी वर्कशॉपे आहेत, आणि डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायण हृदयालयही याच परिसरात आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा या मेट्रो मार्गाचे उद्घाटन झाले आणि शहर तेथवर येऊन पोहोचले. पण मेट्रो रात्रभर धावत नाही. रात्रपाळीच्या कामगारांना आणि दूरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना भाड्याची गाडी लागतेच.

अशाच एका गाडीची कल्पना करावी. सात आसनांची, डिझेलवर चालणारी आणि स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली. चालक हाच तिचा मालक. मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा, घरात मराठी आणि धंद्यात कन्नड बोलणारा. गाडीच्या कर्जाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. एके दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर गाडी ओढेनाशी होते. इंजिनाचा आवाज येतो, पण वेग मिळत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एक फेरी मारून कारागीर निर्णय देतो : “गिअरबॉक्स गेला. उतरवून उघडावा लागेल.”

हे वाक्य उच्चारायला दोन क्षण लागतात. त्याची किंमत मात्र मोठी असते. स्वयंचलित गिअरबॉक्स गाडीखालून उतरवणे, उघडणे, झिजलेल्या तबकड्या आणि रबरी कड्या बदलणे आणि तो पुन्हा जागेवर बसवणे या कामाचा खर्च अनेकदा लाखाच्या घरात जातो. सुटे भाग वेळेवर न मिळाल्यास गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. गाडी उभी राहिली की उत्पन्न थांबते, हप्ता थांबत नाही. म्हणून ‘गिअरबॉक्स गेला’ असे म्हणण्याआधी तो खरोखरच गेला आहे काय, हे पाहण्याची एक पद्धत या व्यवसायाने घालून दिलेली आहे. तिला प्राथमिक तपासणी म्हणतात. तिच्यासाठी फारशी अवजारे लागत नाहीत. लागतो तो एखादा तास, एक स्वच्छ कापड, थोडी चिकाटी आणि निष्कर्षाची घाई न करण्याची सवय.

ही तपासणी समजण्यासाठी स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पोटात काय चालते, याची थोडी ओळख हवी. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो आणि चालक पायाने तो दाबून गिअर बदलतो. स्वयंचलित गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच घडते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तेलाचा प्रवाह, आणि तो प्रवाह योग्य दिशेने वळवणारे आणखी एक पात्यांचे चाक. या तिसऱ्या चाकामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाची पिळण्याची ताकद जवळजवळ दुपटीपर्यंत वाढते. तेलातून शक्ती वाहून नेण्याची ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. त्याने तिचे पेटंट १९०५ मध्ये मिळवले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी!

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चाकांची ग्रहमाला असते. मध्ये सूर्यचाक, भोवती फिरणारी ग्रहचाके आणि बाहेरून त्यांना वेढणारे कडे. यांपैकी कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, यावर पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर ठरतात. चाके धरण्याचे काम क्लचच्या तबकड्यांच्या चळती करतात आणि त्या तबकड्यांना दाबते तेलच. म्हणजे एकच तेल शक्ती वाहून नेते, तबकड्या दाबते, दाते वंगवते आणि उष्णता काढून नेते. कारागीर त्याला ‘एटीएफ’ म्हणतात. तेलाला दाब देणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. बहुतेक स्वयंचलित गाड्या धक्का मारून सुरू होत नाहीत, याचे कारणही हेच. इंजिन बंद असताना पंप बंद, पंप बंद असताना दाब नाही, आणि दाब नसताना चाके व इंजिन यांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही.

बंगळूरकरांना अशा डिझेल वाहनांची ओळख नवी नाही. शहर परिवहन महामंडळाने २००० नंतरच्या दशकात रस्त्यावर आणलेल्या व्होल्व्हो बसगाड्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्याच होत्या. शहराच्या दुसऱ्या बाजूस, म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे, टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. नांगर आणि इंजिने यांमुळे मराठी शेतकऱ्याच्या घराघरांत गेलेले किर्लोस्कर हे नाव तेथे मोटारींशी जोडले गेले. २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाबरोबर सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळत असे.

तरीही ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दावर विसंबून चालत नाही, आणि तपासणीची सुरुवात येथूनच होते. क्लचचे पायदान नसलेली प्रत्येक गाडी आतून सारखी नसते. काही गाड्यांत साधाच गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे चालकाऐवजी विजेवर किंवा तेलाच्या दाबावर हलणारी यंत्रणा करते. याला एएमटी म्हणतात. काही गाड्यांत दोन क्लच असलेला गिअरबॉक्स असतो. एएमटी गाडी गिअर बदलताना क्षणभर अडखळते, आणि तो तिचा स्वभाव आहे. तोच अडखळा टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत आला, तर तो दोष ठरतो. गाडीचे नेमके मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि गिअरबॉक्सचा प्रकार कागदावर उतरल्याशिवाय पुढील कोणत्याही निरीक्षणाला अर्थ प्राप्त होत नाही.

दुसरे काम ऐकण्याचे. चालकाची तक्रार आणि गाडीचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत बहुतेक वेळा भाषेतच होते. “गिअर पडत नाही” हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. पण त्याचा अर्थ काय? दांडा ‘डी’वर आणल्यानंतर गाडी तीन-चार सेकंदांनी हलते, असा? पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना इंजिन मोकळे सुटल्यासारखे गरजते, असा? की वेग वाढूनही वरचा गिअर येतच नाही, असा? या तीन तक्रारींची कारणे तीन ठिकाणी सापडतात. म्हणून चांगला कारागीर प्रश्न विचारतो. त्रास सकाळी थंड गाडीला होतो की तासभर चालल्यावर? चढावरच की सपाटीवरही? रिव्हर्स नीट लागतो काय? अलीकडे गाडीचे कोणते काम झाले? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पुष्कळ दोष आधीच्या दुरुस्तीतून जन्माला येतात. बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी कारागीर तमिळ, चालक मराठी आणि दोघांमधला दुवा मोडकी कन्नड किंवा हिंदी, असे सहज घडते. तेथे तर शब्दांपेक्षा चालकाला शेजारी बसवून एक फेरी मारणे आणि “आत्ता झाले ते हेच काय?” असे विचारणे अधिक उपयोगी.

यानंतर बॉनेट उघडायचे ते तेल पाहण्यासाठी. वरवर हे काम अगदी सोपे वाटते आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात.

इंजिनाचे तेल इंजिन बंद करून पाहतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून आणि तेल गरम असताना पाहावे लागते. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी, सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी. मग ब्रेकवर पाय ठेवून दांडा प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा, म्हणजे सर्व वाटा तेलाने भरतात. दांडा ‘पी’वर आणून कांडी काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून पाहावी. काही कंपन्या ‘पी’ऐवजी न्यूट्रलमध्ये पाहायला सांगतात, तर काही इंजिन बंद करून, म्हणून गाडीची पुस्तिका आधी उघडावी आणि कांडी नंतर ओढावी. कांडी पुसायचे कापड सुती चिंधी नसावे. तिचा एक धागा आत गेला, तरी तेलाच्या बारीक झडपांत अडकून तो नवाच दोष निर्माण करू शकतो.

गरम तेलाचा आग्रह धरण्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. तेल तापले की प्रसरण पावते. दहा लिटर तेल सकाळच्या वीस अंशांवरून नव्वद अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे अर्धा लिटर वाढते. थंड असताना ‘गरम’ या खुणेपर्यंत तेल भरले, तर गाडी तापल्यावर ते खूणच ओलांडते. तेल कमी असले तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, तबकड्या घसरतात आणि गाडी उशिरा हलते. तेल जास्त असले तर? फिरणारी दातेरी चाके ते घुसळतात, ताक घुसळावे तसा फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेला दाब धरता येत नाही. परिणाम पुन्हा तोच, तबकड्यांचे घसरणे. ‘तेल कमी पडते आहे’ असे समजून अंदाजाने आणखी एक डबा ओतणारा मनुष्य कधी कधी नेमका रोगच वाढवत असतो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत कांडीच नसते. गिअरबॉक्सच्या तळाला एक बूच असते. तेल ठरावीक तापमानाला आणून, गाडी पूर्ण सपाट उचलून आणि इंजिन चालू ठेवून ते उघडायचे. तेल बारीक धारेने गळून थेंबांवर आले की पातळी बरोबर. हे तापमान स्कॅनरवर वाचावे लागते. हात लावून ‘पुरेसे तापले’ असे ठरवता येत नाही.

पातळीनंतर रंग आणि वास. नवे एटीएफ बहुधा तांबडे असते. वापराने ते काळसर तपकिरी होत जाते आणि केवळ तेवढ्यावरून गिअरबॉक्स खराब ठरत नाही. डिझेल इंजिनाच्या कारागिराचा डोळा येथे फसतो, कारण इंजिनाचे तेल बदलल्यावर काही दिवसांतच काळे पडते आणि तेथे ते स्वाभाविक असते. गिअरबॉक्सच्या तेलात काजळी येण्याचे कारण नाही. त्याचा थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकावा. काळे कण मागे राहिले आणि करपल्याचा उग्र वास आला, तर तबकड्या जळाल्याचा तो पुरावा होय. तेल गुलाबी दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमधील छोट्या नळ्यांतून थंड होते. ती नळी फुटली की कूलंट तेलात मिसळतो. अशी गाडी पुढे चालवूच नये. कंपनीने सांगितलेल्या प्रकाराऐवजी दुसरेच तेल भरले गेले आहे काय, हेही विचारून घ्यावे. तांबडे ते सारे एकच, हा समज महागात पडतो.

तेल कमी निघाले तर ते गेले कोठे, हाही प्रश्न आहे. स्वयंचलित गिअरबॉक्स तेल जाळत नाही. कमी झाले म्हणजे गळाले. पण चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे उडवतो, त्यामुळे इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळणारे तेल गिअरबॉक्सवर दिसते आणि दोष नाहक त्याच्या माथी बसतो. तळ धुऊन कोरडा करावा, गाडी फिरवून आणावी आणि मग ओल कोठे आधी दिसते ते पाहावे.

दांड्याची तपासणी थोडक्यात आटोपते. चालकाजवळचा दांडा आणि गिअरबॉक्सवरील छोटा हात यांना एक केबल जोडते. ती सैल झाली तर पडद्यावर ‘डी’ दिसते, पण आतली झडप अर्ध्यावरच उभी असते. दाब अर्धवट मिळतो आणि तबकड्या घसरत राहतात. गाडी केवळ ‘पी’ आणि ‘एन’वरच सुरू होते काय, आणि प्रत्येक स्थितीत दांडा खटकन बसतो काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आता इंजिन. ‘तक्रार गिअरची आणि तपासणी इंजिनाची’ हे नवशिक्याला उलटे वाटते. जुना कारागीर मात्र त्यालाच अधिक वेळ देतो. गिअर केव्हा बदलायचा हे गिअरबॉक्स एकटा ठरवत नाही. गाडीचा वेग किती आणि इंजिनावर भार किती, या दोन गोष्टी त्याला कळाव्या लागतात. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर पडदा असतो. तो मिटलेला असला की त्याच्यामागे निर्वात तयार होतो आणि त्या निर्वाताच्या ओढीवरून भार कळतो. डिझेल इंजिनाची रीत वेगळी. ते हवा जवळजवळ मोकळेपणाने आत घेते आणि शक्ती कमीजास्त करते ती इंधनाच्या प्रमाणाने. त्यामुळे भार सांगणारा निर्वात तेथे आपोआप मिळत नाही. जुन्या डिझेल मोटारींत त्यासाठी वेगळा निर्वात पंप आणि इंजेक्शन पंपाच्या हाताशी जोडलेली नियंत्रक झडप असे. तिच्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी रबरी नळी तडकली की निर्वात नाहीसा व्हायचा. गिअरबॉक्सला वाटायचे की चालकाने पाय पूर्ण दाबला आहे. मग प्रत्येक गिअर उशिरा आणि धक्का देत पडायचा. दोष किरकोळ किमतीच्या नळीचा असायचा आणि बदनाम व्हायचा गिअरबॉक्स! ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात ते याला.

आजच्या गाड्यांत ही नळी नाही. पायदानाखालचा सेन्सर आणि इंजिनाचा संगणक भाराचा अंदाज काढून तारेवरून गिअरबॉक्सच्या संगणकाला कळवतात. पण तत्त्व तेच राहते. इंजिनाकडून चुकीची माहिती गेली किंवा इंजिनच अशक्त असले, तर निर्दोष गिअरबॉक्सही विचित्र वागतो. इंधनगाळणी तुंबलेली असते, तिच्या तळाशी पाणी साचलेले असते, हवागाळणी धुळीने भरलेली असते. एखादा इंजेक्टर नीट फवारत नसेल तर गाडी थरथरते आणि ती थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या कुलुपाची समजली जाते. (समतोल वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एका छोट्या क्लचने एकमेकांना जखडले जातात, त्याला कारागीर ‘लॉकअप’ म्हणतात.) दोहोंतला फरक ओळखण्याची एक युक्ती आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना डाव्या पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श करावा. त्यासरशी कुलूप सुटते. थरथर तेवढ्यापुरती थांबली, तर संशय लॉकअपवर; तशीच राहिली, किंवा गाडी उभी असतानाही जाणवत असली, तर इंजिनावर.

डिझेल इंजिनाला आणखी एक दुखणे असते, टर्बोच्या नळीचे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. ही हवा जाड रबरी नळ्यांतून जाते. एखादा क्लॅम्प सैल झाला की दाबलेली हवा वाटेतच निसटते, इंजिन अर्ध्या ताकदीवर येते, चढावर गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा खालचा गिअर टाकून पाहतो आणि चालकाला वाटते की गिअर टिकत नाही. पूर्वी अशा गाडीमागे काळा धूर दिसे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा निकषांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते, त्यामुळे धूर दिसेलच असे नाही; उलट ती गाळणीच तुंबली तरी इंजिन मंदावते. नळीच्या सांध्याभोवती तेलकट धूळ बसलेली दिसली आणि पाय दाबताना फुसफुस ऐकू आली, की कारण सापडले.

विजेचा भाग येथे संक्षेपाने सांगता येतो. गिअरबॉक्सच्या झडपा विद्युत चुंबकांनी उघडझाप करतात. बॅटरी क्षीण असली, तिची जमिनीची तार गंजली असली किंवा उंदराने वायर कुरतडली असली, तर त्या झडपा मनाला येईल तशा वागतात. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास. स्कॅनर लावून निघालेले कोड आधी लिहून घ्यावेत, पुसू नयेत. कोड हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे. तो ‘अमुक सेन्सरकडून विसंगत माहिती आली’ एवढेच सांगतो. धोका ओळखून संगणकाने स्वतःहून गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवली असेल, तर चावी बंद-चालू केल्यावर ती थोडा वेळ सुधारते. तेवढ्याने दुरुस्ती झाली असे समजू नये.

चाकांकडेही एक नजर टाकावी. जाम झालेला ब्रेक गाडीला मागे ओढून धरतो आणि ते घसरणाऱ्या गिअरसारखे वाटते. फेरीनंतर एकच चाक इतरांपेक्षा तापलेले आढळते. इंजिनाचे रबरी बैठक-ठोकळे फाटले असले, तर ‘आर’वरून ‘डी’वर येताना दणका बसतो. तो दणका गिअरबॉक्सचा नसतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ब्रेक दाबून धरून, दांडा ‘डी’वर ठेवून इंजिनाला पूर्ण इंधन देण्याची ‘स्टॉल’ चाचणी काही जण आल्याआल्या करून पाहतात. डिझेल इंजिनाची पिळण्याची ताकद मोठी असते. काही सेकंदांत तेल धोकादायक तापते, आणि ब्रेकने दगा दिला तर समोरचा मनुष्य सापडतो. ही चाचणी प्राथमिक नव्हे. कंपनीच्या पुस्तिकेत ती सांगितली असेल तरच, सांगितलेल्या वेळेपुरती आणि जाणत्याच्या देखरेखीखाली करावी.

आता खानापूरच्या त्या चालकाकडे परत यावे. दुसऱ्या गॅरेजमधील कारागीर त्याला शेजारी बसवून त्याच उड्डाणपुलावर नेतो. त्याचे लक्ष रस्त्याइतकेच इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर असते. तबकड्या घसरत असतील, तर काटा झपाट्याने वर जाईल आणि वेग मागे राहील, कारण इंजिन मोकळे फिरत असते. येथे तसे होत नाही. पाय पूर्ण दाबूनही काटाच हळूहळू चढतो, गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, आवाज वाढतो, आणि तरी काट्याला जोर येत नाही. चालकाने ऐकलेला तो ‘मोकळा आवाज’ खालच्या गिअरचा होता.

“अण्णा, गिअरबॉक्स धरतोय. इंजिनालाच दम नाही,” कारागीर म्हणतो.

तेल गरम करून पाहिले जाते. पातळी दोन खुणांच्या मध्ये, रंग तपकिरीकडे झुकलेला, वास साधा, टिपकागदावर काळा कण नाही. दांडा नीट बसतो. मग टर्बोकडून येणारी नळी. तिच्या खालच्या सांध्यावर, वरून सहजी दिसणार नाही अशा जागी, तेलात भिजलेल्या धुळीचा जाड थर असतो. काही दिवसांपूर्वी रेडिएटरच्या कामासाठी ती नळी काढली गेली होती, हे चालकाला विचारल्यावरच आठवते. क्लॅम्प बदलून घट्ट केला जातो. पुन्हा तोच पूल, तोच चढ. या वेळी काटा पायाबरोबर वर जातो.

असे प्रत्येक वेळी घडत नाही. त्याच कांडीवर करपलेले, कणांनी भरलेले तेल निघाले असते आणि काटा वेगाला सोडून एकटाच पळाला असता, तर पहिल्या गॅरेजचे निदान बरोबर ठरले असते. तेव्हा पुढची पायरी म्हणजे तेलाचा दाब मापकावर पाहणे आणि त्यानंतर गिअरबॉक्स उतरवणे. फरक इतकाच, की तेव्हा तो कशासाठी उतरवला जात आहे हे नोंदवहीत लिहिलेले असते आणि मालकाला खर्चाचा आकडा कारणासह सांगता येतो.

या गाडीच्या नोंदवहीत त्या दिवशी पुढील ओळी लिहिल्या जातात : ‘तक्रार : चढावर ओढ कमी. गिअरबॉक्सचे तेल : गरम स्थितीत पातळी व वास योग्य. तबकड्या घसरत नाहीत. टर्बोच्या नळीचा खालचा सांधा सैल, क्लॅम्प बदलला. चालकासह फेरी घेतली, तक्रार नाही.’ चालक त्याखाली मराठीत सही करतो. रात्रपाळीच्या कामगारांना आणायला जाण्यास अजून तासभर अवकाश असतो.